वर्डप्रेसवरून ह्यूगोकडे: १९ वर्षांचा ब्लॉग हलवायचाय, प्रतिसाद गमवायचे नाहीत

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी मूळची चिपळूणची, आता पुण्यात. २००६च्या पावसाळ्यात एका मित्राने होस्टिंग घेऊन त्यावर वर्डप्रेस (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं आणि मी आजीच्या हातचे पदार्थ लिहायला लागले. सांदणं, कुळथाचं पिठलं, आंबोशीचं लोणचं, केळफुलाची भाजी. आज ६४० नोंदी आणि ५,८००च्या आसपास प्रतिसाद आहेत. आजीची मूळ वही २२ जुलै २०२१च्या पुरात गेली. वहीतलं जे उरलंय ते या ब्लॉगवरच आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता तांत्रिक प्रश्न नाही.

झालं असं, की होस्टिंगवाल्यांनी पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) जुनी आवृत्ती बंद करून ८ लावली आणि साइटच्या जागी पांढरं पान आलं. माझी थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा साचा, २०११ची, बनवणाऱ्याने कधीच सोडून दिलेली. साधी थीम लावून कसंबसं चालू केलं. पण त्या रात्री झोप लागली नाही. आता ठरवलंय की ह्यूगो या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायचं. तिथे प्रत्येक नोंद म्हणजे एक साधी मजकूर फाइल असते. ती पेनड्राइव्हवर, भावाच्या संगणकावर, कुठेही ठेवता येईल.

अडचण अशी, की डेटाबेसची प्रत नव्या सर्व्हरवर टाकून पाहिली तर सगळं मराठी जाऊन तिथे टोप्या आणि टिंबं घातलेली रोमन अक्षरं दिसली. पोटात गोळा आला. मूळ साइट अजून ठीक आहे. कुठून सुरुवात करू? जुने दुवे, फोटो आणि मुख्य म्हणजे प्रतिसाद यांतलं काहीही हरवायला नको.

कढीलिंब

अगं, तो ब्लॉग तुझा? आमच्याकडे दर जूनमध्ये तुझ्याच नोंदीवरून सांदणं होतात! तांत्रिक मदत माझ्याकडून शून्य, पण प्रतिसाद हरवू देऊ नकोस. बरक्या फणसाच्या रसात रवा किती घालायचा, हे मला मूळ कृतीपेक्षा खालच्या प्रतिसादांतून जास्त नीट कळलं.

पाचगावकर

थोडं विरोधी मत मांडतो. सोडायचंच कशाला? वर्डप्रेस २७ मे २००३ला पहिल्यांदा आलं, तेव्हापासून ते जुन्या साइट मोडू न देण्याची काळजी घेत आलंय. तुमची अडचण वर्डप्रेसची नाहीच, जुन्या थीमची आहे. पीएचपी ८मध्ये 'क्रिएट फंक्शन' हे फंक्शन काढून टाकलं. ७.२ पासूनच ते जाणार असं सांगितलं होतं. त्या काळच्या ढीगभर थीममध्ये ते वापरलेलं असायचं. चालू थीम लावा, नको ती प्लगिन (वरून जोडलेली जास्तीची साधनं) काढा, प्रतिसाद आहेत तिथेच राहतील. १९ वर्षांचं घर एका गळक्या कौलासाठी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

वाशिष्ठी

@पाचगावकर, पटतंय, आणि थीम बदलूनच आत्ता साइट चालू आहे. पण दोन वर्षांपूर्वी एका जुन्या प्लगिनमधून कोणीतरी आत शिरलं होतं आणि सांदणांच्या पानावर औषधांच्या जाहिराती लागल्या होत्या. मी स्वयंपाकाचं लिहिणारी बाई. दर महिन्याला आवृत्त्या तपासत बसणं मला झेपत नाही, आणि माझ्यानंतर कोण करणार? फाइली असतील तर माझी भाची त्या उघडून वाचू शकेल, तिला डेटाबेस चालवावा लागणार नाही.

नवखा_२१

मध्येच विचारतो, राग मानू नका. ह्यूगो आणि वर्डप्रेसमध्ये नेमका फरक काय? दोन्हीकडे पानंच दिसतात ना?

कढीलिंब

@नवखा_२१, हे मला येतं, नवऱ्याने समजावलंय. वर्डप्रेस म्हणजे खानावळ. गिऱ्हाईक आलं की आत स्वयंपाकघरात हालचाल, डबे उघडा, पोळी लाटा, ताट भरा. ह्यूगो म्हणजे पंगत. सगळी ताटं आधीच वाढून ठेवलेली, माणूस आला की बसला. आत स्वयंपाकघर चालूच नसल्यामुळे तिथे चोर शिरायचा प्रश्न येत नाही. पण पंगतीत आयत्या वेळी कोणी काही मागितलं की पंचाईत. प्रतिसाद म्हणजे तसंच आयत्या वेळचं मागणं.

अर्धमात्रा

कढीलिंब, यापेक्षा चांगलं कोणी समजावलं नसतं.

वाशिष्ठीताई, आधी त्या टोप्यांबद्दल. घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. कॉन्फिग फाइलमध्ये वर्णसंच (अक्षरं साठवायची पद्धत) सांगणारी ओळ वर्डप्रेसने २.२ आवृत्तीत, म्हणजे २००७ साली आणली. त्याआधीच्या ब्लॉगांचे तक्ते बहुतेक वेळा लॅटिन-१ प्रकारचे, म्हणजे रोमन अक्षरांपुरते, असत. वर्डप्रेस त्यात यूटीएफ-८चे (सगळ्या लिपींना चालणाऱ्या पद्धतीचे) बाइट ओतायचं, डेटाबेस त्यांना लॅटिन अक्षरं समजून ठेवून घ्यायचा आणि मागितल्यावर तेच बाइट जसेच्या तसे परत द्यायचा. दोघांचाही गैरसमज एकसारखा, म्हणून साइटवर मराठी नीट दिसत राहिलं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं असतं. नव्या सर्व्हरने यूटीएफ-८मध्ये बोलायला सुरुवात केली की डेटाबेस त्या प्रत्येक बाइटाचं वेगळं रूपांतर करतो आणि एका 'म'ची तीन रोमन अक्षरं होतात.

उपाय: डेटाबेसची प्रत काढताना वर्णसंच मुद्दाम लॅटिन-१ सांगायचा, म्हणजे बाइट न बदलता बाहेर येतात. मग त्या फाइलीत जिथे जिथे लॅटिन-१ असा उल्लेख आहे तिथे यूटीएफ-८-एमबी-४ लिहायचं आणि नव्या डेटाबेसात घालायचं. हे मी तीन ब्लॉगांवर केलंय.

दुसरी गोष्ट दुव्यांची. मराठी ब्लॉगवाल्यांना ही बाहेरच्या कुठल्याच मार्गदर्शिकेत मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. वर्डप्रेस नोंदीचं पत्त्यातलं नाव २०० अक्षरांच्या रकान्यात ठेवतं, आणि तेही टक्केवारीच्या चिन्हांत रूपांतर करून (एका बाइटाला ३ जागा). देवनागरीच्या एका चिन्हाला तिथे ९ जागा लागतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'मराठी' या शब्दालाच ४५ जागा. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात. समजा नोंदीचं शीर्षक 'फणसाची सांदणं आणि आजीच्या युक्त्या' असं आहे. पत्ता होईल 'फणसाची-सांदणं-आणि-आजीच्य'. शेवटचा काना आणि 'युक्त्या' दोन्ही गायब.

आता ह्यूगो शीर्षकावरून पत्ता बनवेल तेव्हा तो पूर्ण बनवेल, आणि जुना दुवा तुटेल. म्हणून शीर्षकावरून काही बनवू देऊ नका. निर्यात फाइलीतून जुना तुटका पत्ता जसाच्या तसा उचला आणि प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर 'यूआरएल' या ओळीत लिहा. तो कुरूप दिसला तरी चालेल. लोकांनी तोच जपून ठेवलाय.

दशमी

वाखुसा (वाचनखूण साठवली). 'आजीच्य'चं कोडं आज सुटलं, माझ्या ब्लॉगवर असे शंभर पत्ते आहेत आणि मला वाटायचं मीच टंकताना चुकते!

लोखंडी_पेटी

@अर्धमात्रा, दुव्यांबद्दल शंभर टक्के सहमत, डेटाबेसबद्दल नाही. जी साइट आज नीट मराठी दाखवतेय तिच्या डेटाबेसला हात लावायचाच कशाला? वर्डप्रेसच्या 'साधने' मध्ये 'निर्यात' आहे. ती एक्सएमएल फाइल साइटच्याच जोडणीतून बाहेर पडते, म्हणून साइटवर जे दिसतं तेच शुद्ध मराठी तिच्यात येतं. नोंदी, वर्ग, तारखा, प्रतिसाद सगळं त्यात असतं. जायचंच आहे तर या दारातून जा.

फक्त लक्षात ठेवा, त्या फाइलीत फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. अपलोड्सचा अख्खा फोल्डर वेगळा उतरवून घ्यावा लागतो. आणि त्यातल्या छोट्या आकाराच्या प्रती 'नको' म्हणून उडवू नका, कारण नोंदींमध्ये बहुतेक वेळा त्या छोट्या प्रतीचाच पत्ता लिहिलेला असतो. मी उडवल्या होत्या. ट्रेकच्या ९० पानांवरचे फोटो पुन्हा बसवायला अख्खा गणेशोत्सव गेला.

अर्धमात्रा

@लोखंडी_पेटी, बरोबर आहे. वर्डप्रेसवरून वर्डप्रेसवर जायचं असेल तर माझी रीत, इथे तुमची. माझं मत बदललं.

रॅलेची_सई

मी २०२२मध्ये वर्डप्रेसवरून घोस्ट या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरवर गेले, स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणून तो अनुभव लिहिते. घोस्ट २०१३मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून उभं राहिलं. लिहायला इतकी शांत, सुंदर जागा मला दुसरीकडे मिळाली नाही. वर्गणीदार, ईमेलने नोंदी पाठवणं, सगळं आतच. प्रतिसादांची सोयही २०२२पासून आत आहे, पण प्रतिसाद द्यायला वाचकाला सदस्य व्हावं लागतं. माझ्या मावशीने तीनदा प्रयत्न करून सोडून दिलं.

आणि पत्ते! घोस्ट देवनागरी पत्ता ठेवत नाही, रोमन करून टाकतं, तेही मात्रा मोजून. 'मराठी'चं एम-आर-ए-ए-टी-टी-एच-आय-आय. माझ्या २१० नोंदींसाठी जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी यादी हाताने करावी लागली. केली, आणि त्याचा आनंदही आहे, कारण आजही कोणाच्या तरी जुन्या ईमेलमधला दुवा उघडतो. पण ६४० नोंदींसाठी मी सुचवणार नाही.

दशमी

घोस्ट म्हणजे भूतच ना! आजीच्या सांदणांना भुताच्या हाती देऊ नका, आमची आजी म्हणायची फणसावर आधीच एक असतं.

कढीलिंब

@दशमी, 😄 फणसावर नाही गं, चिंचेवर.

उंबरठा

माझं स्पष्ट मत: प्रतिसाद नीट नेता येणार नसतील तर हलूच नका.

कारण सांगते. माझा गाण्यांबद्दलचा ब्लॉग होता. २०१४मध्ये एकाने हलवून दिला. नोंदी सगळ्या आल्या, प्रतिसाद आले नाहीत. 'मजकूर महत्त्वाचा, प्रतिसाद काय, नवे येतील' असं त्याचं म्हणणं होतं, आणि मीही तेव्हा मान डोलावली. वर्षभराने एका बाईंची ईमेल आली. त्यांच्या वडिलांनी माझ्या ब्लॉगवर लिहिलेले प्रतिसाद शोधत होत्या. वडील गेले होते. नाट्यसंगीताबद्दल त्यांनी लिहिलेले असे जवळपास चाळीस प्रतिसाद होते. जुनं होस्टिंग तोवर बंद. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर मी रात्री बसून शोधले. त्यातले अकरा मिळाले, बाकीची पानं कधी टिपलीच गेली नव्हती. ते अकरा मी त्यांना छापून पाठवले.

म्हणून वाशिष्ठी, आज रात्रीच तुझ्या महत्त्वाच्या पानांचे पत्ते वेबॅक मशीनवर जाऊन जतन करून ठेव. हलवण्याआधी. खर्च काही नाही.

वाशिष्ठी

@उंबरठा, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आंबोशीच्या लोणच्याखाली गुहागरच्या एका काकूंचे बारा-तेरा प्रतिसाद आहेत. कैऱ्या कुठल्या, ऊन किती दिवस द्यायचं, मीठ कधी. त्याही आता नाहीत. आजच जतन करते.

पाचगावकर

उंबरठाताईंचं वाचून माझा विरोध मावळला, निदान अर्धा. हलायचंच असेल तर नीट हला. एका गोष्टीकडे मात्र कोणी पाहिलेलं दिसत नाही. निर्यात फाइलीत प्रत्येक प्रतिसादासोबत त्या माणसाचा ईमेल आणि आयपी पत्ताही असतो. ह्यूगोवाले लोक सगळा ब्लॉग गिटच्या (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या) भांडारात ठेवतात, आणि ते भांडार बऱ्याचदा सगळ्यांना खुलं असतं. १९ वर्षं लोकांनी विश्वासाने दिलेले ईमेल असे उघड्यावर जाता कामा नयेत. रूपांतर करतानाच फक्त नाव, तारीख आणि मजकूर ठेवा, बाकी गाळा. मूळ फाइल घरात.

लोखंडी_पेटी

@पाचगावकर, हा मुद्दा सोन्यासारखा. त्यालाच जोडून: निर्यात करताना वर्डप्रेस फक्त स्पॅम वगळतं. तुम्ही कधीच मंजूर न केलेले आणि कचऱ्यात टाकलेले प्रतिसादही फाइलीत येतात, त्यांच्यापुढे तशी खूण असते एवढंच. स्क्रिप्टने ती खूण पाहिली नाही तर २००९ साली कोणी दिलेल्या शिव्या आजीच्या पिठल्याखाली छापून येतील. मंजुरीच्या रकान्यात १ असेल तेच घ्या.

बाकीचे खड्डे पटापट सांगतो. वर्डप्रेसचा फीड (नव्या नोंदी वाचकांपर्यंत पोचवणारी यादी) 'फीड' या पत्त्यावर असतो, ह्यूगोचा 'इंडेक्स.एक्सएमएल'वर. पहिल्यावरून दुसऱ्याकडे कायमचं वळण द्या. फीडमध्ये प्रत्येक नोंदीचा एक ओळख क्रमांक असतो. वर्डप्रेसमध्ये तो 'पी=४१२' अशा छोट्या पत्त्याचा असतो, ह्यूगो तिथे नोंदीचा पूर्ण पत्ता घालतो. ओळख बदलली की वाचकांच्या फीड वाचकात सगळ्या जुन्या नोंदी नव्या म्हणून धडकतात. फीडचा साचा बदलून जुन्या नोंदींना जुनीच ओळख द्या. आणि ह्यूगोला वेळक्षेत्र एशिया/कोलकाता सांगायला विसरू नका, नाहीतर तो यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) धरतो. सकाळी ९ची तारीख घातलेली नोंद त्याच्या मते भविष्यातली ठरते आणि दुपारी अडीचपर्यंत तो ती बांधतच नाही. मी एका सकाळी तासभर डोकं आपटलं होतं.

टंकनिका

मी प्रूफं तपासते, त्यामुळे मला वेगळंच दिसतं. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. २००६-०७ च्या सुमारास बरेच जण दुसऱ्या प्रकाराने टंकायचे. काही रूपांतर करणाऱ्या स्क्रिप्ट 'अदृश्य कचरा' म्हणून ते जोडचिन्ह पुसून टाकतात. मग तो र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दऱ्यांचा दर्या होतो. एका लग्नाच्या वर्णनात 'आचाऱ्यांनी जिलब्या तळल्या' होतं, त्याचं 'आचार्यांनी जिलब्या तळल्या' झालं!

तुमचा ब्लॉग स्वयंपाकाचा, आचारी बरेच असणार. तपासून घ्या.

आणखी एक. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवायचो. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधताना 'ॲल्युमिनियम' टंकलं तर २००६ मधलं पातेलं सापडत नाही. हलवताना सगळे एका रूपात आणा.

दशमी

आचार्यांनी तळलेल्या जिलब्या खायला मी येणार.

अर्धमात्रा

@टंकनिका, जबरदस्त. शोधाचं निघालंच आहे तर: स्थिर साइटवर शोधासाठी बरेच जण लुनर नावाचं साधन लावतात. ते शब्दाच्या दोन्ही टोकांची 'अक्षर नसलेली' चिन्हं कापतं, आणि त्याच्या व्याख्येत अक्षर म्हणजे रोमन. अख्खा देवनागरी शब्द त्यात कापला जातो आणि शोध रिकामा येतो. ते कापणं बंद करता येतं, पण आधी माहीत हवं. वर्डप्रेसचा शोध साधा असला तरी मराठीत चालतो, कारण तो सरळ मजकुरात मजकूर जुळवतो.

नवखा_२१

प्रतिसादांचं शेवटी काय ठरलं? वाचतोय, पण उत्तर दिसत नाही.

अर्धमात्रा

तीन वाटा आहेत. डिस्कस: बाहेरच्या कंपनीची प्रतिसादांची सेवा, आयात सोपी, पण फुकट योजनेत जाहिराती असतात आणि प्रतिसाद परक्या ताब्यात. इस्सो: पायथनमध्ये लिहिलेलं छोटं सॉफ्टवेअर, आपल्याच सर्व्हरवर एका एसक्यूलाइट (छोट्या डेटाबेसच्या) फाइलीत सगळं ठेवतं, वर्डप्रेसची निर्यात फाइल वाचतं, वाचकाला खातं उघडावं लागत नाही. फक्त पानाचा पत्ता अक्षरशः तोच हवा, तरच प्रतिसाद त्या पानाला चिकटतात. तिसरी वाट म्हणजे जुने प्रतिसाद नोंदीचाच भाग म्हणून पानात कायमचे छापायचे.

मी तिसरी घेईन. ताईंना हवी ती साधी फाइल तिथेच मिळते.

उंबरठा

जुन्यांसाठी तिसरी, पण नव्यांसाठी दार उघडं हवं. प्रतिसाद बंद असलेला पाककृतींचा ब्लॉग म्हणजे जेवायला वाढून 'मीठ हवं का' न विचारणं.

कढीलिंब

@उंबरठा +१००. आणि हो, रवा तांदळाचाच. मागे कोणीतरी गव्हाचा लिहिलं होतं, त्याखाली केवढी चर्चा झाली होती. तीही हरवू नकोस.

वाशिष्ठी

तीन आठवड्यांनी परत आले, कारण धागा अर्धवट सोडणं बरं नव्हे.

ब्लॉग हलला. निर्यात फाइल जुन्या साइटमधूनच काढली, मराठी अगदी स्वच्छ. भावाने स्क्रिप्ट लिहिली, मी शेजारी बसून एकेक नोंद वाचली. पत्ते सगळे जुने, तुटके तसेच ठेवलेत, 'आजीच्य' सकट. ६४०पैकी ५८३ नोंदी आपोआप नीट आल्या. उरलेल्या ५७मध्ये फोटोंच्या गॅलरीसाठी वर्डप्रेसमध्ये लिहिलेले चौकटी कंस उघडे पडले होते, त्या हाताने दुरुस्त केल्या. टंकनिकांनी सांगितलेलं जोडचिन्ह आमच्या स्क्रिप्टनेही पुसलं होतं! चौदा ठिकाणी आचारी आचार्य झाले होते. सगळ्यांना परत चुलीपाशी आणलं.

५,८०० म्हणत होते त्यातले मंजूर ५,२१६ निघाले. ते पानातच छापलेत, नाव, तारीख आणि मजकूर, ईमेल गाळून. नव्यांसाठी इस्सो लावलंय. दोन दिवस आधी डोमेनची नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवायची ती मुदत पाच मिनिटांवर आणली होती, त्यामुळे बदल लगेच पोचला. अख्खी साइट बांधायला तीन-चार सेकंद लागतात. जुनं होस्टिंग अजून तीन महिने चालू ठेवणार आहे.

हे करताना एक घडलं जे मला अपेक्षित नव्हतं. १९ वर्षांत पहिल्यांदा मी सगळे प्रतिसाद सलग वाचले. गुहागरच्या काकूंनी २०११मध्ये एके ठिकाणी लिहिलंय की आंबोशीला सुरुवातीचं ऊन कोवळं हवं, दुपारचं नको. मी तेव्हा धन्यवाद लिहून पुढे गेले होते, नोंद बदलली नव्हती. आता मूळ कृतीतच घातलंय, त्यांच्या नावानिशी.

उंबरठा

वाशिष्ठी, फार बरं वाटलं.

पाचगावकर

अभिनंदन! पानं झरझर उघडतायत. राहिलेला अर्धा विरोधही मागे घेतो.

रॅलेची_सई

अभिनंदन गं! एक दाखवते. 'दुसऱ्या दिवशीचं कुळथाचं पिठलं' या नोंदीत फोटो दिसत नाहीये. बाकी पाच-सहा नोंदी पाहिल्या, त्यांत आहेत.

वाशिष्ठी

फाइल सर्व्हरवर आहे, नावही तेच, 'दुसऱ्या-दिवशी'. मी डोळ्यांनी अक्षर अक्षर ताडून पाहिलं. तरी सापडत नाही म्हणतंय.

अर्धमात्रा

फोटो मध्ये कुठल्या जुन्या मॅकवरून आले का? त्या मॅकची जुनी फाइल व्यवस्था नाव साठवताना ऱ फोडून साधा र आणि खालचं टिंब असे दोन तुकडे करते. नोंदीत एक चिन्ह, फाइलीच्या नावात दोन. डोळ्यांना सारखं, सर्व्हरला वेगळं. नावात ऱ असलेले सगळे फोटो तपासा. जुन्या सर्व्हरवरून थेट नव्यावर आणलेत तर नाव मूळचंच राहील.

वाशिष्ठी

भावाचा मॅक, दहा वर्षांचा! असे नऊ फोटो होते. आत्ता थेट आणले. सई, परत बघशील?

रॅलेची_सई

दिसला. कढईच्या कडेला आजींचा हातही आलाय, पळी धरलेला.